योगाभ्यासाची सुरुवात: पहिल्या तीन महिन्यांत काय करावे आणि कोणत्या वृत्तीने करावे

आंतरराष्ट्रीय योग दिन 2015 पासून 21 जूनला साजरा होतो आणि त्या सुमारास नागपुरातही अनेक जण उत्साहाने योगाभ्यास सुरू करतात. उद्यानांमधल्या सकाळच्या वर्गांत नवे चेहरे दिसतात, घरोघरी मॅट आणल्या जातात, आणि पोळा येईपर्यंत त्यांतील बऱ्याच मॅट कपाटामागे गेलेल्या असतात. ही मंडळी आळशी असतात असे मला वाटत नाही. बहुतेकांनी पहिल्याच आठवड्यात शरीराला झेपेल त्याहून अधिक केलेले असते, शेजारच्याचे कपाळ गुडघ्याला टेकते आणि आपले टेकत नाही याची खंत मनाशी धरलेली असते, आणि कंबर किंवा गुडघा दुखू लागला की योग आपल्याला मानवत नाही असे ठरवून टाकलेले असते. म्हणून कोणती आसने करावीत हे सांगण्याआधी, ती नीट होत आहेत हे कशावरून ओळखावे याचा विचार येथे केला आहे.

आसन जमले हे कसे ओळखावे

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाविषयी फार थोडे सांगितले आहे. ‘स्थिरसुखमासनम्’ (2.46), म्हणजे जे स्थिर आणि सुखकर असते ते आसन, आणि त्यापुढच्याच सूत्रात ते प्रयत्न शिथिल केल्याने आणि चित्त अनंताशी एकरूप झाल्याने साधते असे म्हटले आहे. हात कुठपर्यंत पोहोचला, पाय किती उचलला गेला, याचा तेथे उल्लेखही नाही. पहिल्या अध्यायात चित्तविक्षेपाची, म्हणजे मन विचलित होण्याची, सोबत करणाऱ्या गोष्टी सांगताना पतंजलींनी दुःख आणि मनाची खिन्नता यांच्याबरोबर अंगाचे थरथरणे आणि श्वासाची अनियमितता यांचाही समावेश केला आहे (1.31). नवख्या साधकाला याहून उपयुक्त कसोटी मिळणार नाही. आसनात असताना श्वास नाकातून संथपणे चालू आहे का, चेहरा आणि जबडा सैल आहे का, आणि शिक्षकांनी आणखी तीन श्वास थांबायला सांगितले तर आपण थांबू शकू का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर त्या दिवसापुरते आसन जमले, मग हात गुडघ्यापर्यंतच पोहोचलेला असला तरी चालेल. श्वास कोंडत असेल, दात आवळले जात असतील किंवा अंग थरथरत असेल, तर दोन बोटे मागे यावे. मागे येणे हाही अभ्यासाचाच भाग आहे, आणि माझ्या मते पहिल्या महिन्यात शिकण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

ताण आणि दुखापत यांतला फरकही सुरुवातीलाच समजून घ्यावा. मांडीच्या मागच्या स्नायूत, त्याच्या मधल्या भागात जाणवणारी आणि श्वास सोडताना थोडी कमी होणारी ओढ सहसा निर्धोक असते. सांध्याच्या आत टोचल्यासारखे किंवा चमक निघाल्यासारखे दुखणे, कंबरेतून पायात उतरणारी कळ, हातापायांना येणाऱ्या मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दडपण, यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबावे. छातीतले दडपण ओसरत नसेल तर त्याच वेळी वैद्यकीय मदत घ्यावी.

दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक

अभ्यास पक्का कधी होतो याचे उत्तर सूत्र 1.14 मध्ये आहे: तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि सत्कारपूर्वक, म्हणजे आदराने, केला म्हणजे दृढ होतो. या तीन अटी व्यवहारात उतरवल्या की नव्या साधकाचा कार्यक्रम जवळपास आपोआप ठरतो.

दीर्घकाळ म्हणजे महिनाभरात वजन किती उतरले, साखर किती खाली आली, या हिशेबाने अभ्यासाला बसू नये. हे लाभ अनेकांना मिळतात, परंतु त्यांची मुदत आपल्या हातात नसते, आणि मुदत हुकली की पहिला बळी अभ्यासाचा जातो. निदान तीन महिने कोणताही निवाडा न करता अभ्यास चालू ठेवायचा, असे मनाशी ठरवावे.

अखंडता राखायची तर अभ्यास लहान असायला हवा. रविवारी दोन तास घाम गाळून आठवडाभर काहीच न करण्यापेक्षा आठवड्यातून सहा दिवस 25 ते 30 मिनिटे करणे शरीराला आणि मनाला अधिक मानवते. वेळ अशी निवडावी की जी घरातल्या इतरांच्या वेळापत्रकाला धक्का लावणार नाही. मुलांची शाळेची व्हॅन, डबे, पाण्याची वेळ यांच्याशी रोज झगडावे लागणारा अभ्यास टिकत नाही. लग्नकार्य, प्रवास किंवा आजारपणामुळे चार दिवस चुकले तर पाचव्या दिवशी निम्मा अभ्यास करून पुन्हा सुरुवात करावी. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून एकाच दिवशी दुप्पट करणे हा दुखापतीचा हमखास मार्ग आहे.

सत्कार ही अट सर्वांत दुर्लक्षित राहते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे, अभ्यासाआधी जागा झाडून घेणे, आसनाच्या मध्ये उठून दूध उतू गेले का ते पाहण्याची वेळ येऊ नये अशी आधीच व्यवस्था करणे, शवासन गाळून घाईने उठून न जाणे, इतक्या साध्या गोष्टींतून हा आदर प्रकट होतो. त्यासाठी उदबत्ती किंवा विशिष्ट पोशाख लागतोच असे नाही.

आदराचे रूपांतर हट्टात होऊ देऊ नये. हठप्रदीपिका या हठयोगावरील जुन्या ग्रंथात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत (1.15): अतिआहार, अतिश्रम, वायफळ बडबड, नियमांचा दुराग्रह, माणसांचा अतिसंग आणि चंचलता. यांत नियमांचा दुराग्रह आला आहे याचे अनेकांना आश्चर्य वाटते. टीकाकारांनी त्यासाठी सकाळच्या थंड पाण्याच्या स्नानाचे उदाहरण दिले आहे. जानेवारीत नागपूरचा पारा 8-10 अंशांवर उतरलेला असताना पहाटे चार वाजता गार पाण्याने आंघोळ केलीच पाहिजे असा हट्ट धरून आठवडाभरात सर्दीने अंथरूण धरणाऱ्यांना हा श्लोक आवर्जून वाचायला द्यावा.

सुरू करण्यापूर्वी

उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, मणक्यातील चकतीचा त्रास, हाडांचा ठिसूळपणा, गेल्या काही महिन्यांत झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भावस्था यांपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि शिक्षकांनाही ते पहिल्याच दिवशी सांगावे. रक्तदाब आणि काचबिंदू असणाऱ्यांनी डोके हृदयाच्या खाली जाईल अशी आसने टाळावीत. चकतीचा त्रास असणाऱ्यांनी पुढे वाकण्याची आसने परस्पर करू नयेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सकाळी उपाशीपोटी व्यायाम करण्याविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे, कारण साखर एकदम उतरण्याची शक्यता असते. आणि चालू असलेले कोणतेही औषध योग सुरू केला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये.

पोट हलके असावे. पूर्ण जेवणानंतर साडेतीन-चार तास आणि हलक्या न्याहारीनंतर दोन तास जाऊ द्यावेत. सकाळी उठल्यावर कोमट पाणी पिऊन, शौचाला जाऊन मग बसणे उत्तम. उद्यानातल्या अभ्यासानंतर तर्री पोहे खाण्याची आपली पद्धत आहे; त्याला माझा आक्षेप नाही, फक्त शवासनानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. आदल्या रात्री सावजीचे जेवण उशिरा झाले असेल, तर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे वाकण्याची आणि पोटावरची आसने वगळून नुसते उभ्याचे प्रकार आणि शवासन करावे.

साहित्य फारसे लागत नाही. गुळगुळीत फरशीवर सतरंजी घसरते, म्हणून तिच्याखाली न घसरणारी मॅट घालावी किंवा मॅटच वापरावी. शिवाय एक घट्ट घडी केलेली चादर आणि एक भिंत हाताशी असावी.

नागपूरचे ऋतू आणि अभ्यासाची वेळ

उन्हाळ्यात येथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत रात्रीही भिंती तापलेल्या असतात. या काळात सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो, तेव्हा अभ्यास पाच ते सहाच्या दरम्यान उरकावा. सायंकाळी घराबाहेर किंवा गच्चीवर अभ्यास करू नये, कारण सूर्य मावळला तरी स्लॅबमधली उष्णता कितीतरी वेळ बाहेर पडत असते. घामाने भिजलेल्या अंगावर कूलरचा थेट झोत घेऊन शवासनात पडण्याची सवय अनेकांना असते. त्याने मान आणि पाठ आखडते. कूलर बाजूच्या भिंतीकडे वळवावा किंवा शवासनात अंगावर पातळ चादर घ्यावी. या दिवसांत उभ्याची आसने कमी करून बसून व झोपून करण्याची वाढवावीत आणि अभ्यासानंतर पाणी घोटाघोटाने प्यावे.

हिवाळ्यात सूर्योदय पावणेसातच्या पुढे जातो आणि अंग आखडलेले असते. तेव्हा सांध्यांच्या हालचालींना दुप्पट वेळ द्यावा. अंबाझरी किंवा फुटाळा तलावाकाठी अथवा सेमिनरी हिल्सवर फिरायला जाणाऱ्यांना त्याचा लाभ आपोआप मिळतो, कारण वीस मिनिटे चालून आल्यावर शरीर आसनांसाठी तयार असते. पावसाळ्यात उघड्यावरच्या ओल्या गवतावर अभ्यास करण्याऐवजी घरातच करावा.

पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम

पुढील क्रम सुमारे अर्ध्या तासात होतो. प्रत्येक आसनात प्रथम तीन श्वास आणि महिनाअखेरीस पाच श्वास थांबावे, आणि प्रत्येक आसन दोनदा करावे. शरीर उघडताना किंवा वर उचलताना श्वास घ्यावा, मिटताना, वाकताना किंवा पिळताना सोडावा. स्थितीत असताना तो कधीही रोखून धरू नये.

प्रथम सुखासनात दोन-तीन मिनिटे शांत बसावे. मांडी घालून बसल्यावर गुडघे कंबरेपेक्षा वर राहत असतील तर नितंबांखाली चादरीची घडी घ्यावी, म्हणजे पाठ विनासायास सरळ राहते. डोळे मिटून श्वास कसा चालला आहे तेवढे पाहावे. यानंतर घोटे, गुडघे, कंबर, खांदे आणि मनगटे हळूहळू फिरवून सैल करावीत. मान फक्त उजवी-डावी आणि किंचित खाली-वर करावी. ती गोल गरगरा फिरवू नये, विशेषतः चाळिशीनंतर.

उभ्याच्या आसनांत ताडासनापासून सुरुवात करावी. हे आसन सोपे वाटते म्हणून ते उरकले जाते, परंतु शरीराचे वजन टाचा आणि चवडे यांवर सारखे विभागणे, गुडघे कुलूप लावल्यासारखे मागे न ताणणे आणि हात वर नेताना खांदे कानांकडे न चढवणे, एवढे साधले की पुढच्या सर्व आसनांचा पाया तयार होतो. मग अर्धकटिचक्रासनात एक हात वर घेऊन बाजूला झुकावे. पुढे कलू नये, यासाठी पाठ भिंतीला लावून करून पाहावे. त्यानंतर भिंतीजवळ एका पायावर उभे राहून वृक्षासन करावे. तळपाय गुडघ्याच्या सांध्यावर दाबू नये, तो पोटरीवर किंवा मांडीवर ठेवावा. तोल जात असेल तर एक बोट भिंतीला टेकवण्यात काहीही कमीपणा नाही.

बसून करावयाच्या आसनांत वज्रासन (गुडघे दुमडून टाचांवर बसणे) आणि वक्रासन (बसून पाठ पिळणे) पुरेसे आहेत. वज्रासनात गुडघे दुखत असतील तर पोटऱ्या आणि मांड्या यांच्यामध्ये घडी ठेवावी, तरीही दुखत असतील तर ते आसन सोडून द्यावे; गुडघेदुखी सोसून वज्रासनात बसण्याने काहीही साधत नाही. वक्रासनात आधी पाठ उंच करावी आणि मगच वळावे. हाताच्या जोराने शरीर पिळू नये.

पोटावर झोपून मकरासनात विश्रांती घ्यावी आणि मग भुजंगासन करावे. येथे बहुतेकांची एकच चूक होते: हातांवर जोर देऊन छाती झटकन वर ढकलली जाते आणि सगळा ताण कंबरेवर येतो. कोपरे शरीराजवळ ठेवावीत, बेंबी जमिनीला टेकलेली असावी, आणि तळहात क्षणभर उचलले तरी छाती तेवढीच वर राहील इतकीच उंची घ्यावी. ती फार कमी वाटेल, पण पाठीचे स्नायू काम करतात ते याच उंचीवर. नंतर एकेक पाय सरळ मागे उचलून अर्धशलभासन करावे.

पाठीवर झोपून एकपाद उत्तानपादासन (एक पाय सरळ वर उचलणे), एकपाद पवनमुक्तासन (एक गुडघा छातीकडे घेणे) आणि सेतुबंधासन (गुडघे वाकवून कंबर वर उचलणे) करावे. दोन्ही पाय एकदम उचलण्याचा प्रकार पोटाचे स्नायू पुरेसे बळकट होईपर्यंत टाळावा, कारण त्यात कंबर जमिनीपासून उचलली जाते.

शेवटी पाच ते सात मिनिटे शवासन करावे. पाय थोडे पसरलेले, तळहात आकाशाकडे, कंबरेत दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेक भाग क्रमाने सैल सोडत जावे. झोप लागत असेल तर ती रात्रीच्या अपुऱ्या झोपेची सूचना समजावी आणि रात्री लवकर निजावे. उठताना सरळ न उठता उजव्या कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन बसावे.

सूर्यनमस्कार या क्रमात नाहीत, याची महाराष्ट्रातल्या वाचकाला खंत वाटेल. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात त्यांचा मोठा प्रसार केला आणि रथसप्तमीला सामूहिक नमस्कार घालण्याची आपल्याकडे परंपराच आहे. पण त्यांत पुढे वाकणे, मागे वळणे आणि हातांवर भार घेणे हे सर्व वेगाने एकामागून एक येते. वरची आसने महिनाभर केल्यावर दुसऱ्या महिन्यात दोन संथ नमस्कारांनी सुरुवात करावी आणि संख्या आठवड्याला एक अशी वाढवावी. संख्येच्या नादात श्वास तुटू लागला की त्या दिवशीचे नमस्कार तेथेच थांबवावेत.

प्राणायाम

योगसूत्रांत प्राणायामाची व्याख्या आसन सिद्ध झाल्यानंतर येते, आणि सिंह, हत्ती, वाघ यांना जसे हळूहळू वश करतात तसेच प्राणालाही करावे असे हठप्रदीपिका सांगते (2.15). पहिले दोन आठवडे म्हणूनच केवळ संथ, दीर्घ श्वसन करावे. तिसऱ्या आठवड्यापासून अनुलोम-विलोम घ्यावा: उजव्या हाताच्या अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने श्वास घ्यावा, अनामिकेने डावी बंद करून उजवीने सोडावा, उजवीनेच घ्यावा आणि डावीने सोडावा, असे एक आवर्तन होते. मनात चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि चार अंकांत सोडावा; आठवड्याभराने सोडण्याचा काळ सहा अंकांपर्यंत न्यावा. पाच आवर्तनांपासून दहापर्यंत जावे. कुंभक, म्हणजे श्वास रोखणे, पहिल्या तीन महिन्यांत अजिबात करू नये. शेवटी तीन वेळा भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव, केल्यास मन लवकर निवते.

कपालभाती, म्हणजे पोट आत ओढत श्वास झटक्याने बाहेर टाकण्याची क्रिया, आज उद्यानांमधून शेकड्यांनी मोजली जाते. हठप्रदीपिकेत तिची गणना सहा शुद्धिक्रियांमध्ये केली आहे, आणि ती पोटावर व रक्तदाबावर परिणाम करणारी जोरकस क्रिया आहे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया आणि गर्भावस्था यांत ती वर्ज्य समजावी आणि इतरांनीही ती शिक्षकांसमोर शिकावी.

मन लागत नाही तेव्हा

डोळे मिटल्याबरोबर ऑफिसातले काम, कुणाचे तरी बोलणे, विजेचे बिल असे सर्व आठवू लागते आणि साधकाला वाटते की आपल्याला हे जमणारच नाही. मन भटकणे हा अभ्यासातला अडथळा जरूर आहे, पण ते भटकले हे लक्षात येणे आणि त्याला न रागावता श्वासाकडे परत आणणे, हाच अभ्यास आहे. एका बैठकीत हे पन्नासदा घडले तरी ती बैठक वाया गेली असे मानू नये. पतंजलींनी सांगितलेल्या नऊ अंतरायांमध्ये, म्हणजे अडथळ्यांमध्ये (1.30), आजारपण, संशय, आळस यांच्याबरोबरच एखादी भूमिका, म्हणजे अभ्यासातली पायरी, न साधणे आणि साधलेली न टिकणे यांचाही समावेश आहे. साधलेले पुन्हा निसटणे हा म्हणजे या मार्गावरचा जुना, परिचित टप्पा आहे.

तुलनेवर उपाय साधा आहे. गटात असताना डोळे अर्धवट मिटावेत आणि समोरच्याकडे पाहू नये. आसनाचे फोटो काढून समूहावर पाठवण्याची सवय पहिल्या तीन महिन्यांत लावून घेऊ नये, कारण फोटोत उंची दिसते आणि श्वास दिसत नाही. त्याऐवजी वहीत रोज एक ओळ लिहावी: झोप कशी लागली, श्वास कुठे अडला, कुठे दुखले. महिन्याअखेर या ओळी सलग वाचल्या तर शरीरातला बदल आरशापेक्षा स्पष्ट कळतो.

शिक्षक निवडताना

चित्रफिती पाहून आसनाचा आकार कळतो, पण आपली कंबर कुठे वाकडी होते आहे हे चित्रफीत सांगू शकत नाही. निदान पहिला महिना प्रत्यक्ष शिक्षकांकडे घालवावा. नागपूरकरांचे भाग्य असे की रामनगरातील जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळासारखी निःशुल्क योग शिकवणारी जुनी संस्था येथे आहे. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील योग प्रमाणन मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झालेले शिक्षकही मिळतात, पण प्रमाणपत्रापेक्षा शिक्षकांची रीत पाहावी. चांगले शिक्षक आपल्या आजारांची चौकशी आधी करतात, पाठीवर बसून किंवा मान दाबून कुणालाही वाकवत नाहीत, दुखते असे सांगितल्यावर पर्याय देतात, आणि औषधे बंद करायला सांगत नाहीत. एका वर्गात चाळीस-पन्नास माणसे असतील तर पुढच्या दोन रांगांत बसावे, म्हणजे शिक्षकांची नजर आपल्यावर पडते.

तीन महिन्यांनंतर

दुसऱ्या महिन्यात संथ सूर्यनमस्कार, उत्कटासन आणि पूर्ण शलभासन यांची भर घालावी. तिसऱ्या महिन्यात पश्चिमोत्तानासन (पाय पुढे पसरून बसून पुढे वाकणे) गुडघे किंचित वाकवून करावे आणि अभ्यासाचा एकूण वेळ 45 मिनिटांपर्यंत न्यावा. तीन महिने पूर्ण झाल्यावर वही घेऊन शिक्षकांकडे जावे, कोणती आसने सुखकर झाली आणि कोणती अजून श्वास अडवतात ते दाखवावे, आणि सर्वांगासन किंवा कुंभकयुक्त प्राणायाम घ्यायचा की आणखी काही काळ थांबायचे हा निर्णय त्यांच्यावर सोपवावा. शीर्षासन मात्र या काळात घरी एकट्याने, भिंतीच्या आधारानेसुद्धा, करून पाहू नये, कारण त्यात मानेच्या मणक्यांवर शरीराचा मोठा भार येतो आणि तो खांद्यांवर कसा घ्यावा हे समोर बसूनच शिकावे लागते.